पिवळी, पी ली नव्हे

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस दिवसातून चाळीस वेळा एकच शब्द बोलायला लागलं, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. पहिल्या दिवशी कान देता, तिसऱ्या दिवशी ‘हो, हो’ म्हणता, आणि आठव्या दिवसापासून तो शब्द पंख्याच्या घरघरीसारखा होऊन जातो. असतो, पण ऐकू येत नाही. लाजू नका. अनसूयाबाई ढोमणेंनीही हेच केलं, आणि ती बाई तुमच्यामाझ्यापेक्षा दहापट शहाणी आहे.

जबलपूरला मदन महल स्टेशनच्या मागे, जिथून किल्ल्याची टेकडी अर्धी दिसते आणि अर्धी नव्या इमारतींनी गिळली आहे, तिथे ढोमण्यांचं घर. दोन खोल्या, एक गच्ची. रत्नाकर ढोमणे संरक्षण खात्याच्या कारखान्यात काचा तपासायचे. नेम धरायच्या दुर्बिणीत बसतात त्या काचा. केसाएवढा ओरखडा असला तरी काच बाद. दिवसभर कारखान्यात काचेतून बघायचं आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन परत काचेतूनच बघायचं, असा हा माणूस. कॅमेरा जुना, भिंगं त्याहून जुनी, तिपाईचा एक पाय सायकलच्या ट्यूबनं बांधलेला. आकाशाचे फोटो काढायचा नाद. शेजारी म्हणायचे, ढोमणेजी, ऊपर क्या रखा है? ते म्हणायचे, नीचे क्या रखा है?

डिसेंबरात एका सकाळी आंघोळ करून येताना ते दारातच बसले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ‘समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत.’ महिनाभरानं एक शब्द सापडला. तेवढा एकच.

‘पिवळी.’

सकाळी पिवळी, दुपारी पिवळी, कुशीवर वळवलं की पिवळी. आता गंमत बघा. दिवसा त्यांचं करायला मनीषा नावाची मुलगी यायची. चांगली, हाताला हलकी, पण घर हिंदीवालं. तिच्या कानाला ‘पिवळी’ कसं ऐकू यावं? ‘पी ली.’ म्हणजे प्यायलो. ती औषधाची वाटी हातात घेऊन उभी, बाबूजी म्हणतात ‘पिवळी’, आणि ती खूश. ‘हाँ बाबूजी, पी ली. शाबाश!’ दोन वेळा तर पाणी न देताच परत गेली, कारण बाबूजी स्वतःच म्हणाले ना, पी ली!

मुलगा प्रथमेश विजय नगरला विम्याच्या ऑफिसात. तेहतीस वर्षांचा. मराठी सगळी समजते, बोलायला लागला की तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरतो. त्यानं तर मनीषाचंच ऐकलं. ‘आई, ते दवाई का बोल रहे हैं. पी ली, पी ली. तू काहून टेन्शन घेऊन राहिली?’

अनसूयाबाईंना मात्र शब्द नीट ऐकू आला होता. मराठीच कान. पण ऐकू येणं वेगळं आणि कळणं वेगळं. त्यांनी पिवळं वरण करून बघितलं. पिवळी केळी आणली. कपाटातला पिवळा सदरा अंगावर चढवला. शेवटी डॉक्टरांना विचारलं, डोळे पिवळे दिसतात का हो? काविळीची तपासणी झाली, काही निघालं नाही. मग त्याही थकल्या. ‘हो, हो, पिवळी,’ म्हणून पांघरूण सारखं करायच्या आणि गॅसकडे वळायच्या.

हे मी लिहितोय तेव्हा मला राग येतो, आणि त्या बाईचा नाही येत. राग याचा येतो की साऱ्या जबलपुरात हा शब्द ज्या एका माणसाला पहिल्या फटक्यात कळायला हवा होता, ती हीच बाई होती. का, ते सांगतो.

अनसूयाबाई एका जुन्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होत्या. चौतीस वर्षं. अटेंडंटला नाव नसतं, हाक असते. मुलं त्यांना ‘सोडियम दीदी’ म्हणायची. का तर प्रयोगाच्या टेबलावरचा सोडियमचा दिवा लावणं त्यांचं काम. तो दिवा म्हणजे तुमच्या घरातला बल्ब नव्हे, की खटका दाबला आणि उजेड. आधी गुलाबी मिणमिणतो. मग हळूहळू तापतो, आणि दहा मिनिटांनी असा पिवळा होतो की त्या खोलीत दुसरा रंगच उरत नाही. म्हणून तास अकराचा असला की अनसूयाबाई पावणेअकराला दिवा लावायच्या. आणि एकदा लागला की कुणी हात लावायचा नाही. एखादं उपद्व्यापी पोर बटण बंद करून परत चालू करायचं, आणि दिवा लागायचाच नाही. गरम दिवा विझला की रुसतो. गार होईपर्यंत थांबा, मग परत गुलाबी, मग परत पिवळा. अर्धा तास पाण्यात. त्या वेळी सोडियम दीदीचा जो पट्टा सुटायचा, तो कॉलेजच्या फाटकापर्यंत ऐकू जायचा.

त्यांचा दुसरा नियम काचेचा. प्रयोगातली भिंगं, लोलक, काचेच्या पट्ट्या यांना बोट लावायचं नाही. कडेनं धरायचं. ‘काँच को उँगली नहीं!’ हे वाक्य त्यांनी किती हजार वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही. खांद्यावर कायम एक मऊ फडकं. बोट दिसलं की पुस.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, अठ्ठ्याऐंशी साली, त्या दिव्याखाली त्यांनी भिंतीवरच्या आरशात स्वतःचं तोंड बघितलं आणि किंचाळल्या. कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर! घरी रडत आल्या. नवऱ्यानं ऐकून घेतलं, आणि लागला हसायला. ‘अवं, अपशकुन नाही तो. त्या उजेडात लाल रंग आहेच कुठे? जे आत नाही ते बाहेर कसं दिसेल?’ त्या दिवसापासून घरात रिवाज पडला. रोज रात्री पोळ्या लाटताना सरांनी काय शिकवलं ते अनसूयाबाई सांगणार आणि रत्नाकरजी पाटावर बसून ऐकणार. दाराजवळ उभं राहून ऐकलेलं शिक्षण ते. त्याला प्रमाणपत्र नाही. पण सोडियमच्या पिवळ्या उजेडाची तरंगलांबी, म्हणजे त्या रंगाचा आकडा, पाचशे एकोणनव्वद, हे त्या झोपेतही सांगायच्या.

आणि तरी त्यांना ‘पिवळी’ कळलं नाही. तीन महिने.

कळलं ते पाडव्याच्या आदल्या दिवशी. लोखंडी कपाट आवरायला काढलं तर नवऱ्याच्या कप्प्यात सुपारीची डबी सापडली. सुपारी तर त्यांनी आयुष्यात खाल्ली नाही. उघडली, तर आत मऊ कापडात गुंडाळलेली गोल काच, कॅमेऱ्याच्या भिंगावर लावतात तशी. डबीच्या झाकणाच्या आत पेन्सिलीनं फक्त एक आकडा. ५८९. खाली घडी घातलेलं कॅलेंडर. एप्रिल महिना. दहा तारखेपासून सतरापर्यंत गोल, आणि त्यावर बारीक अक्षरात, ‘पिवळी शेपटी’.

बाई तिथेच खाली बसल्या. सगळं आठवलं. मागच्या पावसाळ्यात मक्याची कणसं सोलताना नवऱ्यानं सांगितलं होतं. बुध ग्रह असतो ना, सूर्याच्या अगदी जवळचा, त्याच्या जमिनीत सोडियम असतं. ते कण वर उडतात आणि सूर्याचा उजेडच त्यांना ढकलत ढकलत मागे नेतो. लाखो किलोमीटर. त्याची होते शेपटी. ‘आणि रंग कोणता, सांग बरं?’ त्यांनी दाणा तोंडात टाकत म्हटलं होतं, ‘माझ्या दिव्याचा.’ ‘बरोब्बर! तुझ्या दिव्याचा!’ डोळ्यांना ती दिसत नाही, इतकी फिकी. पण फक्त तोच रंग आत सोडणारी काच भिंगावर लावली आणि डोंगरावर काळोखात जाऊन फोटो काढला, तर उतरते. फिरता फिरता बुध ठरावीक जागी आला की ती लांब होते, आणि त्याच दिवसांत तो सूर्यास्तानंतर दिसायला हवा, आकाशात चंद्र नको. असं सगळं एकदम जुळून येतं ते क्वचित. ‘एप्रिलात जुळतंय. आपण दोघं जाऊ,’ ते म्हणाले होते. ‘तू पिवळ्याची मालकीण.’

अनसूयाबाई डबी घेऊन खाटेजवळ गेल्या. काच कडेनं धरून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

‘ही पिवळी? बुधाची शेपटी?’

रत्नाकरजींनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं ते उशीपर्यंत गेलं. मनीषा धावत आली, ‘क्या हुआ अम्माजी, दर्द है क्या?’

‘हाँ,’ अनसूयाबाई म्हणाल्या. ‘तीन महीने से है.’

*

‘आई, तू पागल झाली का?’ प्रथमेश म्हणाला. ‘बाबा असे पडून आहेत अन् तू पहाड़ पे फोटो काढायला चालली?’

‘ते पडून आहेत म्हणूनच चालली.’

‘तुला कॅमेरा येते?’

‘तुला येते?’

‘नाही.’

‘मंग झालं. दोघंही नवीन.’

पचमढीचं ठरलं होतं दोघांचं, पण आजारी माणूस सोडून एवढ्या लांब जाणार कोण? कॅलेंडरच्या मागे रत्नाकरजींनी दुसरी जागा लिहून ठेवली होती. पनागरच्या पुढे डुंगरियाचा डोंगर, वर देवीचं देऊळ, पश्चिमेला नुसतं रान. डॉक्टरांनी मधल्या तपासणीत सांगूनच टाकलं होतं, की हृदय दमलंय, जास्त दिवस धरू नका. म्हणजे कॅलेंडरवरचा गोल हाच काय तो शिल्लक होता. पुढच्या वेळेपर्यंत हा शब्द बोलायला कोण उरणार?

मग पंधरा दिवस घरात शिकवणी चालली. मास्तर खाटेवर, मुका. अनसूयाबाई कॅमेरा पुढे धरायच्या, एकेक बटण दाखवायच्या. चूक असलं की ते डोळे मिटायचे, बरोबर असलं की उघडे. सगळ्यात अवघड ती बिजागरीची फळी. पृथ्वी फिरते, म्हणून आकाशातलं सगळं सरकतं, म्हणून लांब फोटोत ठिपक्याची रेघ होते. त्यावर रत्नाकरजींनी दोन फळ्या दाराच्या बिजागरीनं जोडल्या होत्या, मधे एक स्क्रू. बिजागरी ध्रुवताऱ्याकडे करायची, आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर स्क्रू हातानं फिरवत राहायचा. मिनिटाला बरोबर एक फेरा. फळी उघडत जाते, कॅमेरा आकाशाबरोबर चालतो. हात थरथरला की संपलं. बाईंनी स्वयंपाकघरात रोज सराव केला, घड्याळ पोळपाटावर ठेवून.

बारा एप्रिल. वार बुधवार. स्कूटर चालू करताना प्रथमेश म्हणाला, ‘चलो आई, बुध को बुध पकड़ेंगे.’ डिसेंबरनंतर त्या घरात झालेला हा पहिला विनोद. आई मागे, मांडीवर फळ्या, गळ्यात कॅमेरा, पदराच्या गाठीत सुपारीची डबी.

डोंगरावर सूर्य बुडेपर्यंत सगळं छान. शुक्र दिसला, मोठा. मग त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून हातभर वर, बुध. एवढासा. प्रथमेशनं आयुष्यात पहिल्यांदा बघितला. आणि त्याच वेळी देवळासमोरच्या खांबावर काहीतरी फडफडलं, फिकट झालं, आणि बघता बघता अख्खा माथा पिवळा.

खांबावर सोडियमचा दिवा.

कळलं का? जो रंग पकडायचा तोच रंग खांबावरून बदाबदा ओतत होता. दुसऱ्या रंगाचा दिवा असता तर काचेनं बाहेर ठेवला असता. पण ही काच तर पिवळ्यालाच दार उघडणारी. फोटो काढला, पडद्यावर नुसतं पिवळं दूध.

देवळाची देखरेख तुळशीराम नावाचे पुजारी करत. प्रथमेश त्यांच्यावर धावला. ‘पंडितजी, यह लाइट बंद करो, एक घंटे के लिए!’

‘हमारे हाथ में नहीं है भैया. टाइमर है. डिब्बे में ताला है, चाबी ठेकेदार के पास.’

‘तो मेन बंद करो!’

‘मेन बंद किया तो कैमरा बंद. कैमरा बंद हुआ तो मंदिर के सेक्रेटरी साहब पनागर में बैठे-बैठे मोबाइल में देखते हैं. मिनट भर में फ़ोन आता है, तुळशीराम, दानपेटी के पास कौन है?’ म्हातारा हात जोडून म्हणाला. ‘बत्ती पल भर झपक जाए तो कोई नहीं पूछता, वो तो रोज़ झपकती है. पर बंद नहीं कर सकता. और शुक्कर से आठ दिन भजन है, यहाँ तो बत्तियों की झालर लगेगी, झालर.’

म्हणजे हातात उद्याची एक संध्याकाळ. परत येताना प्रथमेश सेक्रेटरीच्या सात पिढ्या उद्धरत होता. आई घराच्या वळणावर एकदम म्हणाली, ‘काय म्हणाला रे तो? बत्ती झपकली तर कोणी विचारत नाही?’

‘हो. काहून?’

‘काही नाही. स्कूटर चालव.’

त्या रात्री रत्नाकरजी डोळे उघडे ठेवून वाट बघत होते. बाईंनी मान हलवली. नाही मिळाली. ‘पिवळी,’ ते म्हणाले, अगदी बारीक.

‘उद्या,’ अनसूयाबाई म्हणाल्या.

गुरुवारी डोंगरावर पोहोचल्याबरोबर त्या सरळ तुळशीरामकडे गेल्या. ‘पंडितजी, अंधेरा होने के बाद मेन एक बार नीचे करना है, और तुरंत ऊपर. गिनकर एक सेकंद.’

‘बस? उससे क्या होगा दीदी? बत्ती तो वापस आ जाएगी.’

‘सब वापस आएगा. आपका पंखा, आपका कैमरा, देवी की बत्ती. खंभे वाली नहीं आएगी.’

‘काहे?’

‘गरम में बुझाओ तो रूठ जाती है.’

म्हातारा खो खो हसला. ‘हमारी घरवाली पर गई है फिर तो! पर एक ही बार, दीदी. दूसरी बार हमारी नौकरी रूठ जाएगी.’

दिवा आपल्या वेळेला लागला, पिवळा झाला. बाई खुशाल बसून राहिल्या. पक्का तापू दिला. बिजागरी ध्रुवाकडे केली, भिंगावर काच चढवली, कडेनं धरून. आकाश निळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं काळं होऊ लागलं. बुध खाली चालला होता. आणखी थांबलं तर झाडांत जाईल. त्यांनी हात वर केला.

खटाक. देऊळ काळं. खटाक. देवीवरचा बल्ब आला, पंखा आला, दानपेटीवरच्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका आला. खांब मात्र काळाच्या काळा. आणि डोंगराचा माथा अंधारात बुडाला, पार पलीकडच्या रानापर्यंत.

‘आई!’ प्रथमेशचं तोंड उघडंच. ‘तुला कसं मालूम?’

‘चौतीस वर्षं पोरांना याचसाठी तर शिव्या दिल्या. बटण दाब.’

त्याने बटण दाबलं आणि मोठ्यानं मोजायला लागला, एक, दो, तीन. आई स्क्रू फिरवत पुटपुटत होती, एक, दोन, तीन. पोरगा हिंदीत, आई मराठीत, आणि साठाला दोघं बरोबर पोहोचले. एक फोटो. परत. दोन. हात दुखायला लागला, पण थरथरला नाही. तिसरा चालू असताना पाठीमागे खांबावर गुलाबी मिणमिण सुरू झाली. तुळशीराम ओरडला, ‘दीदी, आ रही है!’ बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. ‘गुलाबी आहे अजून. मोज.’ पंचावन्न, छप्पन. गुलाबीला पिवळी किनार चढली तेव्हा साठ झाले होते.

तीन फोटो. आयुष्यभराच्या नोकरीतून निघालेली तीन मिनिटं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर दोघांनी डोकी जोडून बघितलं. काळोख, आणि मधे एक पिवळा ठिपका. बस. शेपटी नाही, काही नाही.

‘इतनाच?’ प्रथमेश म्हणाला.

आईनं फळ्या आवरल्या.

*

घरी मनीषा थांबली होती. रत्नाकरजींच्या पाठीला उश्या लावल्या. अनसूयाबाईंनी कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरला. ‘एवढंच आलं हो,’ त्या म्हणाल्या. ‘नुसता बुध आला.’

ते बघत राहिले. काचा तपासणारे डोळे ते. बराच वेळ पापणी लवली नाही. मग डावा हात, जो चालत होता तो, हळूहळू वर आला. पहिलं बोट त्यांनी काचेवर त्या ठिपक्याला टेकवलं. आणि वर सरकवायला लागले, किंचित डावीकडे झुकतं, अगदी सावकाश.

‘अहो, काचेला बोट नाही!’

चौतीस वर्षांची सवय. शब्द तोंडातून गेला तेव्हा हातही गेला होता. त्यांनी नवऱ्याचा हात धरून बाजूला केला, कॅमेरा मागे घेतला आणि पदरानं काच पुसली. वर गेलेला बोटाचा ओला पट्टा पुसून लख्ख केला.

रत्नाकरजींनी बायकोकडे बघितलं. रागानं नाही. कसं बघितलं ते बाईंना अजून सांगता येत नाही. मग तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर तो शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी मनीषाच म्हणाली, ‘अम्माजी, बाबूजी अब पी ली नहीं बोलते.’ घरात सगळ्यांना वाटलं, चला, इच्छा पुरी झाली, माणूस शांत झाला. बाईंनाही वाटलं. वाटून घेतलं.

अक्षय्य तृतीयेला, घरोघरी पितरांची पानं वाढली जात होती त्या वेळी, रत्नाकर ढोमणे गेले.

*

जूनमध्ये अनसूयाबाई कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन विजय नगरला श्रीपाद सरांकडे गेल्या. त्यांच्याच विभागाचे निवृत्त प्रमुख. प्रथमेशला यातलं काही कळत नव्हतं. सरांनी चहा विचारला, हळहळ व्यक्त केली, आणि फोटो कॉम्प्युटरवर उघडले.

‘एकेकात काही दिसणार नाही, बाई. तिन्ही एकावर एक चढवावे लागतात. जे तिन्हींत आहे ते गडद होतं, बाकीचं फिकं पडतं.’

चढवले. ठिपका जाड झाला. सर काहीतरी सरकवत गेले, काळोख आणखी काळा, पिवळं आणखी पिवळं. आणि मग बोलता बोलता सर थांबले.

‘हे तुम्ही काढलेत?’

बुधापासून एक धूसर पिवळी रेघ निघाली होती. फुंकर मारली तर विझेल अशी. वर जात होती, किंचित डावीकडे झुकत. बोटाएवढी रुंद.

अनसूयाबाईंना ती रेघ ओळखीची वाटली. आधी कळेना, कुठे बघितली. मग कळलं. बघितली नव्हती. पुसली होती.

ठिपक्यापासून सुरू. वर. किंचित डावीकडे. तीच जागा, तेच वळण. तो माणूस दाखवत होता. अगं वेडे, आली आहे, ही बघ, इथून अशी. शब्द नव्हते म्हणून बोटानं सांगत होता. त्याला दिसली होती की ती कुठे असणार ते नुसतं ठाऊक होतं, हे आता कोण सांगणार? बायकोनं हात झटकला, पदर फिरवला, आणि म्हणाली, नुसता बुध आला. मग त्यानं तरी तो शब्द परत कशाला बोलावा? कोणासाठी?

बाईंनी हात पुढे केला आणि कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवलं. ठिपक्यावर. वर नेलं, सावकाश, रेघ संपेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा काचेला बोट लावलं त्यांनी. प्रयोगशाळेत ‘काँच को हाथ न लगाएँ’ ही पाटी ज्यांनी लावली होती ते श्रीपाद सर शेजारीच बसले होते. त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवून जागा करून दिली.

फोटो आता घरात आहे. प्रथमेशनं मोठा छापून आणला, काचेची फ्रेम केली. त्या फ्रेमच्या काचेवर खालून वर गेलेला एक बोटाचा डाग आहे. रोज नवा असतो. मनीषा कधीमधी भेटायला येते, तिनं एकदा फडकं उचललं, तर सोडियम दीदीचा आवाज पुन्हा एकदा फाटकापर्यंत गेला. ‘रहने दे!’

आता तुमच्याकडे वळतो. हळहळू नका, त्याचा त्या बाईला उपयोग नाही. तुमच्याही घरात कुणीतरी खाटेवर असेल, किंवा खुर्चीत, किंवा गॅलरीत एकटं. त्याचा एखादा शब्द तुमच्या पंख्याच्या घरघरीत मिसळून गेला असेल. आज त्याच्याजवळ जाऊन बसा आणि तो शब्द परत विचारा. चुकीचा अर्थ लावा, दहा चुकीचे लावा, पण ‘हो, हो’ म्हणू नका. आणि त्यानं काचेवर बोट ठेवलं, तर पुसायच्या आधी ते कुठून निघालं आणि कुठे गेलं, तेवढं बघा.